अँटिगनी पाहताना

प्रास्ताविक

नाटक वाचणे आणि नाटक पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाचताना शब्द आपल्यापुढे असतात. पाहताना शब्दांबरोबर माणसे, त्यांचे आवाज, त्यांची शांतता, प्रकाश आणि अंधारही असतो. प्राचीन ग्रीसमध्ये जन्मलेल्या एका शोकांतिकेचे आधुनिक रूप रंगमंचावर पाहताना प्रेक्षकाने काय पाहावे, काय ऐकावे आणि कशाचा विचार करावा, हे प्रस्तुत लेखात सांगितले आहे. नाटकाचे नाव आहे 'अँटिगनी'. प्रेक्षक कल्पिला आहे तो जबलपूरच्या सदर भागातील.

छावणीचा बाजार

जबलपूर शहरातील सदर हा भाग ब्रिटिश काळात लष्करी छावणीचा बाजार म्हणून वाढला. सरळ आखलेल्या गल्ल्या, जुनी दुकाने, कॉफी हाऊस आणि जवळच असलेली सैन्याची केंद्रे ही त्याची ओळख आहे. ग्रेनेडिअर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या रेजिमेंटांची प्रशिक्षण केंद्रे जबलपुरात आहेत. तोफगाड्यांचा कारखाना, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या यांमुळे अनेक मराठी कुटुंबे या शहरात स्थिरावली. 1956 पर्यंत जबलपूर ज्या प्रांतात होते, त्याची राजधानी नागपूर होती, हेही त्याचे एक कारण. या कुटुंबांत घरी मराठी आणि बाजारात हिंदी, असा दोन भाषांचा संसार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

नाटक या शहराला नवे नाही. शहीद स्मारक, मानस भवन, तरंग ही प्रेक्षागृहे येथे आहेत. 'विवेचना' या संस्थेने हिंदी रंगभूमीवर आपला ठसा उमटवला आहे. गोविंदगंजच्या जुन्या रामलीलेला तर सारे शहर लोटते. तेव्हा सदरमधील एखादी व्यक्ती दिवसभराचे काम आटोपून संध्याकाळी नाटकाला निघाली, तर त्यात नवल काहीच नाही. नवल आहे ते नाटकाच्या विषयाचे. कारण छावणीच्या परिसरात राहणाऱ्या माणसाला 'हुकूम' या शब्दाचे वजन नेमके ठाऊक असते. रणात पडलेल्या जवानाचा देह सन्मानाने घरी आणला जातो, हेही त्याने पाहिलेले असते. 'अँटिगनी' हे नाटक याच दोन गोष्टींविषयी आहे : राज्याचा हुकूम आणि मृताचा सन्मान.

नाटकाची गोष्ट

सॉफोक्लीझ या ग्रीक नाटककाराने हे नाटक इसवी सनापूर्वी 441 च्या सुमारास लिहिले. त्याचे कथानक थोडक्यात असे :

थीबीज नावाच्या नगरीचा राजा ईडिपस याला दोन मुलगे आणि दोन मुली होत्या. ईडिपसनंतर राज्यासाठी एटिऑक्लिस आणि पॉलिनायसिस या भावांत वैर पेटले. एक नगरीच्या बाजूने लढला, तर दुसरा परक्या सैन्यासह नगरीवर चाल करून आला. दोघेही एकमेकांच्या हातून मारले गेले. राज्य त्यांचा मामा क्रेऑन याच्याकडे आले. क्रेऑनने पहिला हुकूम काढला : नगरीसाठी लढलेल्या एटिऑक्लिसला सन्मानाने मूठमाती द्यावी, पॉलिनायसिस हा द्रोही, त्याचे प्रेत उघड्यावर पडू द्यावे. जो कोणी त्याला माती देईल, त्याला मृत्युदंड.

ग्रीकांच्या समजुतीप्रमाणे अंत्यसंस्कार न झालेल्या मृताला परलोकात विसावा नसे. मृताचे संस्कार करणे हे आप्तांचे कर्तव्य मानले जाई. अँटिगनी ही त्या भावांची बहीण. धाकटी बहीण इस्मेनी हिला ती सोबत यायला सांगते. इस्मेनी घाबरते. राजाच्या आज्ञेपुढे आपण दोघी काय करणार, असे ती म्हणते. अँटिगनी एकटी जाते आणि भावाच्या देहावर माती घालते. पहारेकरी ती माती झाडून टाकतात. ती पुन्हा येते आणि या वेळी पकडली जाते.

क्रेऑनसमोर ती काही लपवत नाही. माणसाने काढलेल्या आज्ञेपेक्षा देवांचे अलिखित नियम मोठे आहेत, असे ती सांगते. क्रेऑन तिला खडकातील एका गुहेत जिवंतपणी बंद करण्याची शिक्षा देतो. त्याचा मुलगा हेमॉन याच्याशी अँटिगनीचे लग्न ठरलेले असते. हेमॉन बापाला परोपरीने समजावतो. नगरीतील लोक मनातून या मुलीच्या बाजूने आहेत, तुमच्या भीतीने कोणी बोलत नाही, हे तो सांगतो. क्रेऑन ऐकत नाही. शेवटी टायरेसियस हा अंध द्रष्टा येऊन अनर्थाचा इशारा देतो, तेव्हा राजाचे मन पालटते. 'आधी मुलीला सोडवा, मग मृताला मूठमाती द्या' असा सल्ला वृद्ध नागरिक त्याला देतात. क्रेऑन घाईने निघतो, पण आधी प्रेताकडे जातो आणि नंतर गुहेकडे. तोपर्यंत अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. हेमॉन तिच्याजवळच स्वतःला संपवतो. ती वार्ता ऐकून राणी युरिडिसीही प्राण सोडते. क्रेऑन जिवंत राहतो. मात्र आता त्याच्याजवळ राज्यावाचून काहीही उरलेले नसते.

ग्रीक नाटक कसे होत असे

आजच्या प्रयोगाचे वेगळेपण समजण्यासाठी मूळ प्रयोगाची कल्पना असावी लागते. अथेन्समध्ये डायोनिसस या देवतेच्या वसंतोत्सवात नाटकांची स्पर्धा होत असे. डोंगराच्या उतारावर, उघड्या आभाळाखाली हजारो नागरिक बसत. समोर नृत्यासाठी मोकळी जागा असे. नटांच्या चेहऱ्यांवर मुखवटे असत आणि स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करीत. बोलणारे नट तीनच. तेच मुखवटे बदलून सगळ्या भूमिका वठवीत. मराठी रंगभूमीवरही बालगंधर्वांच्या काळापर्यंत स्त्रीभूमिका पुरुष करीत असत, हे येथे आठवावे.

ग्रीक नाटकाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणजे कोरस, म्हणजेच वृंद. सॉफोक्लीझच्या नाटकात पंधरा जणांचा वृंद असे. 'अँटिगनी'मधील वृंद थीबीजच्या वृद्ध नागरिकांचा आहे. तो गातो, नाचतो, प्रसंगांवर भाष्य करतो, कधी राजाला सल्ला देतो, कधी घाबरून गप्प बसतो. म्हणजे मंचावर एक प्रकारे समाजच उभा असतो. आपल्या कीर्तनातील टाळकरी किंवा तमाशातील सुरते यांच्याशी त्याचे थोडे साम्य दिसते. पण वृंदाला नाटकाच्या विचारात स्वतःचे स्थान असते.

प्रेतांचा खच, आत्महत्या, खून या गोष्टी ग्रीक मंचावर सहसा दाखवीत नसत. त्या पडद्याआड घडत आणि दूत येऊन त्यांची हकिगत सांगे. त्यामुळे प्रेक्षकाला डोळ्यांनी पाहण्याऐवजी मनाने पाहावे लागे.

मराठी रंगभूमी आणि शोकांतिका

संस्कृत नाट्यपरंपरेत करुण रसाला मोठे स्थान असले, तरी नाटकाचा शेवट मंगल असावा असा संकेत होता. दुर्योधनाच्या मृत्यूवर संपणारे भासाचे 'ऊरुभंग' हा विरळा अपवाद. मराठीत शोकांतिका रुजली ती प्रामुख्याने इंग्रजी नाटकांच्या परिचयातून. गोपाळ गणेश आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले. गोविंद बल्लाळ देवलांनी 'ऑथेल्लो'चे 'झुंझारराव' केले. राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'ने ही भावना मराठी घराघरांत नेली. वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये (1970) 'किंग लिअर'ची छाया आहे, तरी त्यातील दुःख अस्सल मराठी आहे.

ग्रीक नाटके त्या मानाने उशिरा आली. पु. ल. देशपांडे यांनी सॉफोक्लीझच्या ईडिपसवरील नाटकाचे 'राजा ओयदिपौस' या नावाने मराठी रूप सिद्ध केले. पुण्यात जन्मलेले दिग्दर्शक इब्राहिम अल्काझी (1925–2020) यांनी आधी मुंबईत आणि नंतर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात ग्रीक शोकांतिकांचे प्रयोग केले. 'नटसम्राट'मधील गणपतराव बेलवलकर अजरामर करणारे डॉ. श्रीराम लागू (1927–2019) यांनी 'अँटिगनी' मराठी मंचावर आणले. मात्र ते सॉफोक्लीझचे मूळ नाटक नव्हते. ते होते झाँ अनुई या फ्रेंच नाटककाराचे आधुनिक 'अँटिगनी'.

जुन्या कथेचे नवे रूप

अनुईचे नाटक फेब्रुवारी 1944 मध्ये पॅरिसमध्ये रंगमंचावर आले. त्या वेळी पॅरिस जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. जर्मनांच्या परवानगीशिवाय नाटक करता येत नव्हते. कथा अडीच हजार वर्षांपूर्वीची असल्याने ते संमत झाले. प्रेक्षागृहात बसलेल्या अनेक फ्रेंच माणसांना मात्र 'नाही' म्हणणाऱ्या अँटिगनीत आपलाच प्रतिकार दिसला. काहींना तर नाटककार क्रेऑनचीच बाजू घेतो आहे, असेही वाटले. एकाच प्रयोगातून दोन परस्परविरोधी अर्थ निघाले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

अनुईने केलेले बदल पाहिले म्हणजे रूपांतर कसे होते ते कळते. त्याची पात्रे आधुनिक पोशाखात वावरतात. पंधरा जणांच्या वृंदाऐवजी एकच व्यक्ती आहे. नाटकाच्या प्रारंभी सारी पात्रे मंचावर बसलेली असतात आणि एक निवेदक त्यांची ओळख करून देतो. आज कोण मरणार तेही सांगून टाकतो. मराठी प्रेक्षकाला येथे सूत्रधाराची आठवण झाल्यावाचून राहत नाही. टायरेसियस या नाटकात नाही. देवांचा कोपही नाही. अँटिगनी भावावर माती घालते ती लहानपणीच्या खेळण्यातल्या फावड्याने.

सर्वांत मोठा बदल क्रेऑनमध्ये आहे. मूळ नाटकातील क्रेऑन रागीट आणि हट्टी. अनुईचा क्रेऑन थकलेला, समंजस, जवळजवळ प्रेमळ आहे. अँटिगनीला वाचवण्यासाठी तो प्रकरण दडपून टाकायलाही तयार होतो; त्यासाठी पहारेकऱ्यांचा काटा काढावा लागला तरी चालेल, असे त्याला वाटते. तो तिला सांगतो, की तुझे दोन्ही भाऊ सारखेच नालायक होते. दोन्ही प्रेते इतकी छिन्नविच्छिन्न झाली होती, की कोणते कोणाचे हेही कळले नव्हते. एकाला वीर आणि दुसऱ्याला द्रोही ठरवले ते केवळ राज्य चालावे म्हणून. हे ऐकून अँटिगनी क्षणभर खचते, परत जायला निघते. परंतु क्रेऑन जेव्हा तिला पुढच्या सुखी संसाराविषयी बोलू लागतो, तेव्हा ती पुन्हा ताठ होते. तडजोडीने मिळणारे सुख तिला नको असते.

प्रेक्षागृहात

'शेवट ठाऊक असलेले नाटक पाहायचे कशाला?' असा प्रश्न कोणालाही पडेल. याचे उत्तर रामलीला पाहणाऱ्या प्रत्येकाजवळ आहे. राम वनवासाला जाणार हे लहान मुलालाही माहीत असते, तरी कैकेयी वर मागते तेव्हा मंडपात शांतता पसरते. 'काय होणार' ही उत्सुकता संपली, की 'कसे होते आणि का होते' याकडे लक्ष जाते. ग्रीक प्रेक्षकांनाही या कथा पाठ होत्या.

म्हणून प्रेक्षकाने काही गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. पहिली गोष्ट म्हणजे जागा. क्रेऑन मंचावर उंचावर उभा आहे की अँटिगनीच्या बरोबरीने? वाद जसजसा वाढतो तसतसे त्यांच्यातील अंतर वाढते की घटते? दुसरी गोष्ट प्रकाशाची. गुहेचा प्रसंग दाखवायला दिग्दर्शकाला खडक लागत नाहीत. प्रकाशाचा एक लहानसा चौकोनही पुरतो. तिसरी गोष्ट शांततेची. इस्मेनी 'मी येत नाही' असे म्हटल्यावर अँटिगनी किती वेळ गप्प राहते, यात अर्धा अभिनय असतो. चौथी गोष्ट गौण पात्रांची. मूळ नाटकातील पहारेकरी जिवाच्या भीतीने राजापुढे अडखळत बोलतो आणि प्रेक्षकांना हसू येते. अनुईच्या नाटकात तीन पहारेकरी पत्ते खेळतात. त्यांना कोण मेले याचे सोयरसुतक नाही. सगळे संपल्यावरही त्यांचे पत्ते चालूच राहतात. ते दृश्य हसवत नाही, तर अंगावर काटा आणते.

नाटक हिंदीत असो वा मराठीत, भाषेकडेही कान असावा. क्रेऑन 'हुकूम', 'कायदा', 'राज्य' हे शब्द वारंवार वापरतो. अँटिगनीच्या तोंडी 'भाऊ', 'माती', 'घर' असे शब्द येतात. दोघे एकाच भाषेत बोलत असूनही त्यांचे शब्द एकमेकांना भेटत नाहीत. शोकांतिका तेथेच सुरू होते.

बरोबर कोण?

शोकांतिका ही नुसती दुःखद गोष्ट नव्हे. अपघातात माणूस दगावला तर दुःख होते, पण ती शोकांतिका होत नाही. शोकांतिकेत दोन्ही बाजूंना काही खरे असते. क्रेऑनचे म्हणणे सहज झटकून टाकता येत नाही. नगरी नुकतीच युद्धातून वाचली आहे. तिच्यावर चालून आलेल्याला आणि तिच्यासाठी मेलेल्याला एकच मान दिला, तर पुढच्या वेळी कोण लढेल? छावणीजवळ राहणारा प्रेक्षक हा प्रश्न हसण्यावारी नेणार नाही. शिस्त आणि आज्ञापालन यांवाचून सैन्य टिकत नाही, हे तो रोज पाहतो.

पण त्याच प्रेक्षकाला दुसरी बाजूही कळते. शत्रूच्याही देहाची विटंबना करू नये, ही भावना आपल्या परंपरेत खोल रुजलेली आहे. रावणवधानंतर, वैर मरणापर्यंतच असते असे सांगून रामाने बिभीषणाला त्याचे अंत्यसंस्कार करायला सांगितले. महाभारतयुद्धानंतर युधिष्ठिराने दोन्ही पक्षांच्या वीरांचे दहन करवले. प्रतापगडाच्या पायथ्याशी असलेली अफझलखानाची कबर मराठी माणसाला हेच सांगते. क्रेऑनची चूक राज्य सांभाळण्यात नाही. आपला हुकूम मृत्यूच्या पलीकडेही चालेल, असे त्याला वाटले. आणि मुलगा, प्रजा, द्रष्टा यांपैकी कोणाचेही त्याने वेळेवर ऐकले नाही. चूक कळली तेव्हाही जिवंत मुलीआधी तो मृताकडे धावला.

अ‍ॅरिस्टॉटल या तत्त्वज्ञाने शोकांतिकेविषयी असे म्हटले आहे, की ती करुणा आणि भीती या भावना जागवते आणि त्यांचे विरेचन घडवते. करुणा वाटते ती दुसऱ्याच्या दुःखाने. भीती वाटते ती 'हे माझ्याही हातून होऊ शकते' या जाणिवेने. घरातल्या मुलीचे न ऐकणारा बाप, कचेरीत 'नियम म्हणजे नियम' म्हणणारा अधिकारी, भीतीपोटी गप्प बसणारा शेजारी यांच्यात क्रेऑन आणि वृंद थोडाथोडा असतोच.

प्रयोगानंतर

अँटिगनीची कथा जगात अनेक ठिकाणी नव्याने उभी राहिली, ती याच कारणाने. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचे राज्य असताना अ‍ॅथॉल फ्यूगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्त्शोना यांनी 1973 मध्ये 'द आयलंड' हे नाटक केले. त्यात एकाच कोठडीतले दोन कैदी तुरुंगात 'अँटिगनी'चा प्रयोग बसवतात. रॉबेन बेटावरील खऱ्या तुरुंगातही कैद्यांनी हे नाटक केले होते आणि त्यात नेल्सन मंडेला यांनी भूमिका केली ती क्रेऑनची! अन्याय सोसणाऱ्या माणसाने सत्ताधाऱ्याच्या जागी उभे राहून पाहिले. पुढे 1994 मध्ये ते देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. सत्ता हाती येण्यापूर्वीच सत्तेचा धोका त्यांनी मंचावर अनुभवला होता, असे म्हणता येईल.

प्रयोग संपतो. दिवे लागतात. प्रेक्षक बाहेर पडतो आणि सदरच्या ओळखीच्या रस्त्याने घरी येतो. दुकाने बंद होत असतात. छावणीच्या फाटकावर पहारा बदलत असतो. नाटकाने त्याला कोणतेही तयार उत्तर दिलेले नसते. पण दुसऱ्या दिवशी घरात कोणी त्याला 'नाही' म्हटले, तर आवाज चढवण्यापूर्वी तो क्षणभर थांबेल. वेळ निघून जाण्याआधी ऐकून घेणे क्रेऑनला जमले नाही. ते प्रेक्षकाला जमले, तर अडीच हजार वर्षांपूर्वीचे नाटक त्याच्यापर्यंत पोहोचले असे समजावे.

शब्दार्थ

शोकांतिका – दुःखात शेवट होणारे गंभीर नाटक
मूठमाती देणे – मृताचे अंत्यसंस्कार करणे, पुरणे
वृंद – समूह. येथे ग्रीक नाटकातील गायक-नर्तकांचा समूह
द्रष्टा – पुढचे जाणणारा
छिन्नविच्छिन्न – तुकडे तुकडे झालेले
सोयरसुतक नसणे – काहीही संबंध किंवा दुःख नसणे
विरेचन – साचलेल्या भावनांचा निचरा
विटंबना – अवहेलना, अपमान

स्वाध्याय

1. क्रेऑनने काढलेला हुकूम कोणता? तो काढण्यामागे त्याचा काय विचार होता?
2. सॉफोक्लीझचा क्रेऑन आणि अनुईचा क्रेऑन यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
3. 'अपघातात माणूस दगावला तर ती शोकांतिका होत नाही' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
4. इस्मेनीचे वागणे तुम्हाला योग्य वाटते का? कारणे द्या.
5. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या नाटकातील, रामलीलेतील किंवा तमाशातील असा प्रसंग लिहा, ज्याचा शेवट ठाऊक असूनही तो तुम्हाला हलवून गेला.